कर्नल यंग यांचे सेवापत्रक

लष्करातील अधिकाऱ्याची नोकरी अनेक प्रकारांनी संपते. मुदत भरते, वय होते, तो आपण होऊन राजीनामा देतो, किंवा रणांगणावर त्याला मरण येते. या प्रत्येक शेवटासाठी दप्तरात एकेक ठराविक शब्द आहे आणि त्या शब्दाविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. वाद उपस्थित होतो तो आणखी एका शेऱ्याविषयी: 'वैद्यकीय कारणास्तव सेवानिवृत्त.' दिसायला हा शेरा किती निरुपद्रवी! त्यात ठपका नाही. उलट थोडी सहानुभूतीच आहे. ज्याला शिक्षा झाली त्याला निदान आपल्यावरचा आरोप कळतो आणि त्याचे उत्तर देता येते. परंतु ज्याला आजारी ठरविले त्याने भांडावे कोणाशी? डॉक्टरांशी, की स्वतःच्या शरीराशी? अमेरिकेच्या सैन्यातील कर्नल चार्ल्स यंग यांच्यावर १९१७ साली हा प्रसंग आला, आणि त्यांच्या सेवापत्रकातील त्या एका शेऱ्याचा हिशेब पुरा व्हायला एकशेपाच वर्षे लागली. तो खरोखर पुरा झाला की नाही, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

यंग यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी केंटकी राज्यातील मेज लिक या खेड्यात, गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय मातापित्यांच्या पोटी झाला. यादवी युद्ध तेव्हा भरात होते. वडील गुलामगिरीतून निसटले आणि १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्यातील तोफखान्यात भरती झाले. पुढे हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून रिप्ले या गावी राहावयास आले. तेथील शाळेत गोरी व काळी मुले एकत्र शिकत. तेथून हा मुलगा १८८४ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात दाखल झाला. त्या विद्यालयातील त्याची वर्षे कशी गेली याची कल्पना करणे कठीण नाही. सहाध्यायी कामापुरतेही बोलत नसत. गणिताने पहिल्या वर्षाला दगा दिला, शेवटच्या वर्षी अभियांत्रिकी आडवी आली. तरी १८८९ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्या विद्यालयातून पदवीधर झालेला तो तिसरा कृष्णवर्णीय. चौथा पदवीधर झाला १९३६ मध्ये. या दोघांमधील सत्तेचाळीस वर्षांचे अंतर ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत समजण्यास सोपे जाते.

त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांतील त्यांची कामगिरी सविस्तर सांगावयाची तर वेळ पुरणार नाही. घोडदळाच्या नवव्या आणि दहाव्या रेजिमेंटमध्ये त्यांनी नोकरी केली. या पलटणींतील शिपाई कृष्णवर्णीय, आणि अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. फिलिपाइन्समध्ये ते लढले. १९०३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सिकोया राष्ट्रीय उद्यानाचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हा त्या प्रचंड वृक्षांच्या अरण्यापर्यंतचा गाडीरस्ता, जो अनेक वर्षे रेंगाळत पडला होता, तो त्यांच्या तुकडीने एका हंगामात पुरा केला. हैतीमध्ये आणि पुढे आफ्रिकेतील लायबेरियात ते लष्करी प्रतिनिधी म्हणून राहिले. लायबेरियात १९१२ ते १९१५ या काळात त्यांनी तेथील सरहद्दीच्या फौजेची घडी बसवून दिली. तेथेच त्यांच्या दंडाला गोळी लागली, आणि तेथेच त्यांना 'ब्लॅकवॉटर फीव्हर' या नावाचा ताप आला. हा हिवतापाचाच एक भयंकर उपद्रव. त्याचा आघात मूत्रपिंडांवर होतो. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली आहे. तिचे काम पुढे पडणार आहे.

१९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या हाताखाली मेक्सिकोत जी फौज गेली तीत यंग होते. १ एप्रिल रोजी आग्वा काल्येंते येथे त्यांनी घोडेस्वारांनिशी हल्ला चढवून शत्रूला पळविले, आणि त्याच महिन्यात पाराल या गावाजवळ अडचणीत सापडलेल्या एका गोऱ्या तुकडीच्या मदतीला त्यांचेच स्वार धावून गेले. त्याच वर्षी ते लेफ्टनंट कर्नल झाले. तोवर अमेरिकन सैन्यात इतक्या हुद्द्यावर कृष्णवर्णीय अधिकारी क्वचितच पोहोचला होता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. नव्या पलटणी उभ्या राहणार, अनुभवी अधिकाऱ्यांना भराभर बढत्या मिळणार, हे उघड होते. यंग यांचे वय त्रेपन्न. कर्नलपद अगदी दाराशी आलेले, आणि त्यापुढची पायरी ब्रिगेडियर जनरलची.

बढतीपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीसाठी त्यांना सॅन फ्रान्सिस्को येथील लेटरमन लष्करी रुग्णालयात पाठविण्यात आले. तेथे रक्तदाब वाढलेला आढळला आणि मूत्रपिंडांचा विकार असल्याचे दिसून आले. ते यंग यांना स्वतःला जाणवत नव्हते; आपण धडधाकट आहोत असेच ते सांगत राहिले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र तेव्हा नवे होते. इटालियन वैद्य रिव्हा-रोत्ची यांनी ते १८९६ मध्ये तयार केले, आणि नळी लावून ठोके ऐकण्याची रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांची पद्धत १९०५ मधली. यंत्रावर आकडा येत होता. परंतु तो आकडा असलेला माणूस किती काम करू शकेल, याचे शास्त्र अजून बाल्यावस्थेत होते, आणि त्यावर औषध तर नव्हतेच. (पुढे मार्च १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६ आणि १०८ भरला, तरी सर्व सैन्याचे सरसेनापतिपद त्यांच्याकडेच राहिले आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडूनही आले. आकडा एकच असला तरी तो कोणाच्या नावापुढे लिहिला आहे याला महत्त्व असते, असे म्हणावे लागते.)

रुग्णालयात हे चालले असता दुसरीकडे निराळाच पत्रव्यवहार चालू होता. दहाव्या घोडदळातील दक्षिणेकडच्या एका गोऱ्या लेफ्टनंटला काळ्या वरिष्ठाचे हुकूम मानणे असह्य झाले. त्याची तक्रार मिसिसिपीचे सिनेटर जॉन शार्प विल्यम्स यांनी थेट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कानांवर घातली. विल्सन यांनी युद्धमंत्री न्यूटन बेकर यांना लिहिले, आणि जून १९१७ मध्येच सिनेटरना उत्तर धाडले. उत्तराचा आशय असा की, यंग यांची प्रकृती ठीक नाही, तेव्हा त्या रेजिमेंटचे आधिपत्य वस्तुतः त्यांच्याकडे येणार नाही. यंग यांच्या निवृत्तीचा अंतिम हुकूम निघाला ३० जुलै १९१७ रोजी. त्यांना कर्नलपद मिळाले, पण निवृत्तांच्या यादीत.

दप्तराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या तारखांचा क्रम पुरेसा बोलका वाटेल. कोणत्याही प्रकरणात निर्णय का झाला हे टिपणांवरून जितके कळते, त्याहून अधिक कित्येकदा कागदांवरील तारखांवरून कळते. यंग यांच्या वैद्यकीय कागदांत सिनेटरचे नाव नाही, लेफ्टनंटचे नाव नाही, वर्णाचा उल्लेख नाही. तेथे फक्त रक्तदाब आहे. खरे कारण दुसऱ्या फाइलमध्ये, आणि त्या दोन फाइली एकमेकींना भेटल्या त्या इतिहासकारांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर. यंग युरोपात गेले असते तर ब्रिगेडियर जनरल झाले असते, आणि मग गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली राहणे भाग पडले असते. तो प्रसंग टाळण्यासाठी रक्तदाबाचा आधार घेतला गेला, असेच आज इतिहासकार सामान्यतः मानतात.

यंग यांनी अर्ज केले, मित्रांनी लेख लिहिले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. विल्बरफोर्स विद्यापीठात एके काळी त्यांच्याबरोबर शिकविणारे डॉ. डु बॉइस 'क्रायसिस' मासिकाचे संपादक होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. यश आले नाही. तेव्हा या घोडेस्वाराने आपल्याला येत असलेला एकच पुरावा देण्याचे ठरविले. ६ जून १९१८ रोजी ओहायोतील विल्बरफोर्स या आपल्या गावाहून ते घोड्यावर बसून राजधानी वॉशिंग्टनकडे निघाले. मार्ग ४९७ मैलांचा, मध्ये अ‍ॅपलेशियन पर्वताच्या रांगा. दर तासातली पंधरा मिनिटे ते घोड्यावरून उतरून पायी चालत. सोळा दिवस प्रवास आणि एक दिवस विश्रांती. रोजची सरासरी एकतीस मैल पडते. चौपन्न वर्षांचा, 'नोकरीस अयोग्य' ठरलेला तो मनुष्य राजधानीत पोहोचून युद्धमंत्र्यांसमोर उभा राहिला.

या स्वारीचे वर्णन करताना पुष्कळांची लेखणी भावनेने वाहून जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु सरकारी दृष्टीने पाहिले तर हा पुरावा विचित्रच म्हणावा लागेल. वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय रद्द करावयाचा तर दुसरे मंडळ बसावे लागते; घोड्याची टाप त्या कागदावर उमटत नाही. शिवाय, यंग यांना फेरतपासणी हवी होती ती आजार आहे की नाही एवढ्यासाठी नव्हे. आजार असला तरी काम करता येते की नाही, हे पाहावे असे त्यांचे म्हणणे होते. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि युद्धखात्याने ते ओळखण्याचे नाकारले. युद्धमंत्र्यांनी विचार करण्यास आणखी काही महिने घेतले. ६ नोव्हेंबर १९१८ रोजी कर्नल यंग यांना पुन्हा सेवेत बोलावून इलिनॉय राज्यातील कॅम्प ग्रँट या छावणीत कृष्णवर्णीय शिपायांच्या शिक्षणासाठी नेमण्यात आले. पाच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले.

आता या हकीकतीतला सर्वांत अडचणीचा भाग. १९२० मध्ये यंग यांना पुन्हा लायबेरियात पाठविण्यात आले. ज्या सरकारने त्यांची प्रकृती फ्रान्सच्या हवेला पेलणार नाही असे ठरविले होते, त्याच सरकारला ती पश्चिम आफ्रिकेच्या हवेला पेलेल असे वाटले! तेथून कामासाठी नायजेरियात गेले असता ८ जानेवारी १९२२ रोजी लागोसच्या ब्रिटिश रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कारण होते मूत्रपिंडांचा विकार. ब्रिटिशांनी त्यांना लष्करी इतमामाने तेथेच पुरले. पत्नी अ‍ॅडा यांनी आग्रह धरून त्यांचे शव मायदेशी आणविले आणि १ जून १९२३ रोजी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याचे दफन झाले.

म्हणजे लेटरमन रुग्णालयातील डॉक्टरांनी पाहिले ते खोटे नव्हते. यंग यांच्या चाहत्यांना हे मान्य करणे जड जाते, आणि म्हणून कित्येक जण आजार बनावट होता असे सांगून मोकळे होतात. तसे सांगण्याची काही गरज नाही. उलट त्याने मूळ अन्याय झाकला जातो. सेवापत्रकातील चूक दोन तऱ्हेची असू शकते. तारीख चुकली, हुद्दा चुकला, दुसऱ्याचा आजार याच्या नावावर लिहिला गेला, ही एक तऱ्हा. ती दाखविली की सुधारता येते. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक नोंद खरी असते, पण त्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष अगोदरच ठरलेला असतो. यंग यांचे प्रकरण या दुसऱ्या तऱ्हेचे. शिवाय, हा विकार जडला कशाने, हा प्रश्न आजचे कोणतेही मंडळ विचारील. लायबेरियातील तो ताप, ती हवा, हे सारे सरकारी कामावर असतानाच भोगलेले होते. ज्या देहाची झीज नोकरीने झाली असण्याचा संभव आहे, त्याच झिजेच्या नावाखाली नोकरी काढून घेताना निदान कारणमीमांसा तरी पूर्ण असावी.

यंग यांच्या हयातीत असे प्रकरण न्यावयाचे कोठे, याला उत्तर नव्हते. एकदा बंद झालेली लष्करी नोंद बदलावयाची तर अमेरिकन काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरते विधेयक आणावे लागे. म्हणजे ज्याच्या ओळखीचा लोकप्रतिनिधी असेल त्यालाच न्यायाची आशा. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा विधेयकांचा ढीग साचला तेव्हा काँग्रेसने १९४६ च्या कायद्याने हे काम आपल्या अंगावरून काढून टाकले आणि लष्करी नोंदींच्या दुरुस्तीसाठी मंडळे नेमण्याचा अधिकार त्या त्या खात्याला दिला. या मंडळांत गणवेशातील अधिकारी नाहीत, मुलकी अधिकारी असतात. नोंद केव्हा बदलावी याविषयी कायद्याने दोन शब्द वापरले: चूक आणि अन्याय. दुसरा शब्द नसता तर यंग यांच्यासारख्यांना या मंडळाचा काडीचा उपयोग झाला नसता. नियमानुसार केलेली, अचूक तारखेची, सही-शिक्क्याची नोंदही अन्यायकारक असू शकते, हे सरकारने स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवले, ही साधी गोष्ट नव्हे. १९५१ मध्ये दुरुस्तीबरोबर थकलेली रक्कम देण्याचीही तरतूद झाली. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे; पण न्यायासाठी ती बाजूला ठेवता येते, आणि अर्जदार हयात नसेल तर वारसांना दाद मागता येते.

अर्थात् सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो. अधिकाऱ्यांनी आपले काम रीतसर केले असे मंडळ गृहीत धरून चालते, आणि हे गृहीत खोडून काढायला कागद लागतात: भरतीच्या वेळची तपासणी, वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल, रुग्णालयातील नोंदी, मंडळाचे कामकाज. तेच हाती नसले तर? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूसेनेतून बाहेर पडलेल्या माणसांच्या सुमारे ऐंशी टक्के नोंदी तीत गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, सूचीही नव्हती. तेव्हापासून तेथील कर्मचारी पगाराच्या पावत्या आणि रुग्णालयांच्या नोंदी जुळवून एकेका माणसाची नोकरी पुन्हा उभी करीत आले आहेत. त्या कामाची वाखाणणी क्वचितच होते.

या मंडळाने जुन्या काळापर्यंत हात पोहोचविल्याचे प्रसिद्ध उदाहरण वेस्ट पॉइंटच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधराचे, हेन्री फ्लिपर यांचे. १८८२ मध्ये लष्करी न्यायालयाच्या निकालावरून त्यांना बडतर्फ करण्यात आले होते. १९७६ मध्ये मंडळाने ती शिक्षा अवाजवी ठरवून बडतर्फीच्या जागी सन्मानपूर्वक सेवामुक्ती अशी नोंद करविली. दोषी ठरविणारा निकाल मात्र मंडळाला पुसता आला नाही. त्यासाठी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी यावी लागली.

भारतातही या प्रश्नाची धग अनेक घरांना लागलेली आहे. ज्या गावांतून पिढ्यान्पिढ्या सैन्यात भरती होते, तेथे वैद्यकीय मंडळाच्या एका ओळीवर निवृत्तिवेतनाचा निर्णय अवलंबून राहिलेली कुटुंबे सापडतात. सैन्यातील दाव्यांसाठी २००७ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद केलेली नसेल तर तो माणूस तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. आणि तो आजार भरतीच्या तपासणीत कळण्याजोगा नव्हता असे मंडळाचे म्हणणे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. नुसता अभिप्राय पुरेसा नाही. निदानाखाली कारण लिहावे लागणार आहे हे ठाऊक असले म्हणजे लिहिणाराचा हात थोडा जपून चालतो.

यंग यांच्या बाबतीत पुढे काय झाले? ज्यांना त्यांनी तरुणपणी अधिकारपदाच्या परीक्षेसाठी शिकविले व उत्तेजन दिले, ते बेंजामिन डेव्हिस १९४० मध्ये अमेरिकन सैन्यातील पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. विल्बरफोर्स येथील यंग यांचे घर २०१३ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. आणि २९ एप्रिल २०२२ रोजी, ज्या वेस्ट पॉइंटमध्ये त्यांच्याशी कोणी बोलत नसे, त्याच ठिकाणी समारंभपूर्वक त्यांना ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा प्रदान करण्यात आला. नातेवाईक उपस्थित होते, भाषणे झाली. ही बढती मानद स्वरूपाची होती. अशा बढतीचा वेतनाशी, निवृत्तिवेतनाशी किंवा वारसांना मिळणाऱ्या कोणत्याही लाभाशी संबंध नसतो, असे संबंधित कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. कर्नल यंग यांना जाऊन तेव्हा शंभर वर्षे आणि साडेतीन महिन्यांहून थोडा अधिक काळ झाला होता.